खुर्ची वळते तेव्हा: ‘द व्हॉइस’च्या अमेरिकेतील पदार्पणाचा प्रकरण अभ्यास

26 एप्रिल 2011 रोजी, मंगळवारी रात्री नऊ वाजता, एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ‘द व्हॉइस’ या गायनस्पर्धेचा पहिला, दोन तासांचा भाग दाखवला. हा कार्यक्रम घेत असल्याची घोषणा वाहिनीने 2010 च्या डिसेंबरात केली होती. म्हणजे घोषणा ते प्रक्षेपण या सगळ्याला जेमतेम साडेचार महिने मिळाले, आणि तेवढ्यात चार नामांकित गायकांना कोच म्हणून करारबद्ध करणे, देशभरातून स्पर्धक निवडणे, मंच उभारणे आणि चित्रीकरण करणे ही कामे उरकावी लागली. अमेरिकी टीव्हीवर त्या वेळी गायनस्पर्धेची जागा रिकामी नव्हती. एक कार्यक्रम जवळजवळ नऊ वर्षे तिथे ठाण मांडून होता आणि दुसरा काही महिन्यांत येणार असल्याचे आधीच जाहीर झाले होते. अशा भरल्या बाजारात हा तिसरा कार्यक्रम का चालला आणि त्यात नामवंत कोचचा वाटा नेमका किती, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी वाहिनीची स्थिती पाहू. नव्वदच्या दशकात गुरुवारची रात्र म्हणजे एनबीसी असे समीकरण होते. 2010 पर्यंत ही वाहिनी चार मोठ्या वाहिन्यांमध्ये शेवटच्या क्रमांकाशी झुंजत होती. 2009 च्या शरद ऋतूत तिने आठवड्यातले पाचही दिवस रात्री दहाची वेळ जे लेनो यांच्या गप्पांच्या कार्यक्रमाला देऊन टाकली आणि काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळला. त्यानंतरच्या हंगामात आणलेल्या नव्या मालिकाही टिकल्या नाहीत. जानेवारी 2011 मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीने एनबीसीच्या मूळ कंपनीचा ताबा घेतला आणि शोटाइम वाहिनीतून आलेले बॉब ग्रीनब्लॅट मनोरंजन विभागाचे प्रमुख झाले. नव्या प्रमुखाला लिखित मालिकांची फळी उभी करायला दीड-दोन वर्षे सहज लागतात, कारण पटकथा, पायलट (नमुना भाग), निवड, चित्रीकरण हा क्रम टाळता येत नाही. रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाचे तसे नसते. फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमाचा साचा, तयार मिळाला तर स्टुडिओ बांधायचा, माणसे जमवायची आणि कॅमेरे सुरू करायचे. रिअ‍ॅलिटी विभागाचे प्रमुख पॉल टेलेग्डी यांच्या हाती तेव्हा पडलेला पत्ता हाच होता, आणि माझ्या मते वाहिनीच्या या घाईचे श्रेय धाडसाइतकेच गरजेलाही द्यायला हवे.

बाजारातला मोठा खेळाडू होता फॉक्सवरचा ‘अमेरिकन आयडॉल’. जून 2002 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमातून परीक्षक सायमन कॉवेल 2010 मध्ये बाहेर पडले. त्यांच्या बोचऱ्या शेऱ्यांवरच कार्यक्रम चालतो, असे मानणाऱ्यांनी त्याच्या उताराचे भाकीत केले होते. पण जेनिफर लोपेझ आणि स्टीव्हन टायलर हे नवे परीक्षक आले आणि मे 2011 मधला अंतिम भाग सुमारे 2 कोटी 90 लाख लोकांनी पाहिला. कॉवेल स्वतः ‘द एक्स फॅक्टर’ घेऊन त्याच फॉक्सवर सप्टेंबर 2011 मध्ये उतरणार होते. आयडॉलचे दिवस बुधवार आणि गुरुवार. त्यामुळे एनबीसीला मिळणारी फट अरुंद होती: आयडॉलचे पर्व संपता संपता आणि एक्स फॅक्टर सुरू होण्याआधी, तेही आठवड्यातल्या वेगळ्या दिवशी.

फॉरमॅट आला नेदरलँड्समधून. ‘बिग ब्रदर’चे जनक जॉन दे मोल यांच्या टाल्पा कंपनीने गायक रूल फान फेल्झेन यांच्या साथीने रचलेला ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ 17 सप्टेंबर 2010 रोजी आरटीएल 4 या डच वाहिनीवर सुरू झाला होता, आणि स्वतः फान फेल्झेन त्याच्या कोचपैकी एक होते. त्या पहिल्या पर्वाचा विजेता जानेवारी 2011 मध्ये ठरला. याचा अर्थ असा, की मूळ कार्यक्रमाचे एक पर्वही पुरते होण्याआधी एनबीसीने तो विकत घेतला. टिकण्याचा पुरावा तेव्हा हाती नव्हता. पाहिल्याबरोबर कळणारी एक कल्पना मात्र होती.

ती कल्पना थोडी सावकाश पाहण्याजोगी आहे. चार कोच मंचाकडे पाठ करून मोठ्या लाल खुर्च्यांत बसतात. गायक येतो, गायला लागतो. कोचला फक्त आवाज ऐकू येतो, म्हणून ही ‘आंधळी ऑडिशन’. आवाज आवडला तर समोरचे बटण दाबायचे. खुर्ची गर्रकन वळते, पायाशी दिवे लागतात आणि कोचला गायक पहिल्यांदा दिसतो. गाणे संपेपर्यंत कोणीच वळले नाही तर गायक घरी जातो. एकच कोच वळला तर गायक त्याचा. दोन, तीन किंवा चौघे वळले तर मात्र निवड गायकाकडे जाते, आणि एरवी ज्यांच्या तिकिटांसाठी लोक रांगा लावतात ते कलाकार एका अनोळखी मुलीला ‘माझ्याकडे ये’ म्हणून विनवू लागतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीने ट्रे ठेवून खाली बसावे आणि मग तिनेच मुलाकडच्या चार घरांची उलटतपासणी सुरू करावी, तसा हा प्रकार. मंचामागे, सूत्रसंचालक कार्सन डेली यांच्याशेजारी, गायकाचे घरचे लोक पडद्यावर हेच पाहत असतात. खुर्ची वळल्यावर ते कसे उड्या मारतात, याला वेगळा कॅमेरा नेमलेला असतो.

या रचनेत तीन गोष्टी एकत्र घडतात, आणि पदार्पणाच्या यशाचे मूळ मला त्यांच्यात दिसते. पहिली गोष्ट म्हणजे कोचला गमावण्यासारखे काहीतरी मिळते. साध्या परीक्षकाचा निर्णय चुकला तरी त्याचे काही जात नाही. इथे बटण न दाबणाऱ्याच्या हातून सुटलेला गायक दुसऱ्याच्या संघात जातो आणि पुढे तोच गायक त्याच्या संघाला हरवतो. दुसरी गोष्ट जागांच्या मर्यादेची. पहिल्या पर्वात प्रत्येक कोचला आठच गायक घेता येत होते, त्यामुळे सुरुवातीला सढळ हाताने वळणारा कोच शेवटच्या दोन जागा उरल्यावर हात आखडता घेतो आणि चांगला गायकही रिकाम्या हाताने परततो. प्रेक्षक घरबसल्या हा हिशेब मांडू शकतो. तिसरी गोष्ट बोलण्यातल्या सभ्यतेची: कोचला गायकाला जिंकून घ्यायचे असल्याने अपमान करण्यात त्याचा तोटाच आहे. आयडॉलच्या सुरुवातीच्या भागांत बेसूर गाणाऱ्यांची फजिती हा करमणुकीचा मोठा भाग होता. व्हॉइसने तो पूर्ण वगळला.

मात्र या आंधळेपणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाठ केलेली असते ती कोचची, निर्मात्यांची नव्हे. मंचावर येण्याआधी प्रत्येक स्पर्धक निर्मात्यांच्या चाळणीतून गेलेला असतो. त्यांनी त्याला ऐकलेले असते, पाहिलेले असते आणि त्याची कहाणीही टिपून घेतलेली असते. ‘फक्त आवाज’ हे ब्रीद शेवटच्या टप्प्यापुरतेच खरे आहे. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही, कारण त्या चाळणीमुळेच मंचावरचा प्रत्येक जण निदान सुरात गातो. पण जाहिरातीतले ब्रीद आणि निवडीची प्रत्यक्ष यंत्रणा यांत अंतर होते, हे नोंदवायला हवे.

आता कोचची निवड. क्रिस्टिना ॲग्विलेरा, सीलो ग्रीन, मरून 5 चे ॲडम लेव्हिन आणि कंट्री गायक ब्लेक शेल्टन या चौघांत संगीताचे चार वेगवेगळे प्रांत आले: मोठ्या आवाजाचा पॉप, सोल आणि हिप-हॉप, रॉक बँड आणि कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचे संगीत. प्रत्येक प्रांताचा श्रोता वेगळा, त्याचे रेडिओ स्टेशन वेगळे. शेल्टन यांना 2010 मध्ये कंट्री संगीताच्या सीएमए पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गायकाचा मान मिळाला होता, तरी कंट्री न ऐकणाऱ्या अमेरिकेला ते फारसे ठाऊक नव्हते. ॲग्विलेरा चौघांत सर्वांत मोठे नाव. पण 2010 चा त्यांचा अल्बम अपेक्षेइतका चालला नव्हता आणि फेब्रुवारी 2011 मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर राष्ट्रगीताची ओळ चुकल्याने त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. मरून 5 चा 2010 मधला अल्बमही थंड पडला होता. एका गाजलेल्या गाण्याच्या जोरावर नुकतेच पुन्हा प्रकाशात आलेले सीलो तेवढे चढत्या काळात होते.

या यादीकडे पाहून ‘ज्यांना काम हवे होते ते आले’ असा कुत्सित निष्कर्ष काढता येतो. मला तो अपुरा वाटतो. वाहिनीला हवी होती ती नेमकी अशीच माणसे: नाव असे, की घरोघरी ओळख पटावी, आणि गरज एवढी, की खुर्चीत बसून त्यांनी मनापासून भांडावे. शिखरावर असलेला कलाकार परीक्षक म्हणून येतो तेव्हा बहुधा हसून दाद देतो आणि निघून जातो. या चौघांनी पहिल्याच भागात एकमेकांचे बोलणे तोडले, टोमणे मारले, स्वतःच्या पुरस्कारांची यादी स्पर्धकापुढे वाचली. लेव्हिन आणि शेल्टन यांच्यातली खेचाखेची तर पुढे कार्यक्रमाचा कणाच ठरली. ती कोणत्याही करारात लिहिता येण्याजोगी नव्हती. तिला वाव देणारी रचना मात्र आधीपासून होती. पहिल्या भागाची सुरुवात चौघांनी एकत्र गाऊन केली, तेही सीलो यांच्याच नार्ल्स बार्कली या जोडीचे 2006 मधले गाजलेले गाणे. स्पर्धकांना जोखणाऱ्यांनी आधी स्वतः गाऊन दाखवावे, हा संकेत एका झटक्यात बसला.

दौरे, रेकॉर्डिंग आणि मैफली यांत गुंतलेले कलाकार महिनोन्‌महिने स्टुडिओत बसणार नाहीत, ही अडचणही फॉरमॅटनेच सोडवली. आंधळ्या ऑडिशन आणि एकाच संघातल्या दोघांना एकाच गाण्यात समोरासमोर उभे करणारी ‘बॅटल’ फेरी या दोन्ही गोष्टी आधीच चित्रित करून ठेवता येतात; थेट प्रक्षेपण उरते ते शेवटच्या काही आठवड्यांचे. बॅटल फेरीत प्रत्येक कोचसोबत एक सल्लागारही असतो. थोडक्यात, मोठ्या नावांचे थोडे दिवस घेऊन त्यांतून बरेच तास प्रक्षेपण काढण्याची ही सोय होती. जॉन दे मोल, मार्क बर्नेट आणि ऑड्री मॉरिसी या कार्यकारी निर्मात्यांपैकी बर्नेट यांचा ‘सर्व्हायव्हर’सारख्या कार्यक्रमांचा अनुभव इथे कामाला आला असणार.

स्पर्धकांच्या बाबतीतही एक निर्णय ठरवून घेतला गेला. हौशी, अगदी अनोळखी मुलामुलींऐवजी ज्यांना उद्योगाने एकदा हात देऊन सोडले होते अशांना दार उघडे ठेवले. पहिल्याच भागात चारही खुर्च्या वळवणारे हाविएर कोलोन यापूर्वी कॅपिटल रेकॉर्ड्सकडे होते. 2003 मध्ये आयडॉलमधून बाहेर काढल्या गेलेल्या फ्रेंची डेव्हिस इथे ॲग्विलेरांच्या संघात आल्या. डाया फ्रॅम्प्टन आपल्या बहिणीसोबत बँड चालवत होत्या. यामुळे गाण्याची पातळी उंचावली आणि कोचचे वळणे विश्वासार्ह वाटले. तयार गायकाला घडवण्यासारखे कोचकडे फार काही उरत नाही, ही गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असली तरी कोणी बोलले नाही.

पदार्पणाच्या रात्री समोर फॉक्सवर ‘ग्ली’ या संगीतमय मालिकेचा नेहमीपेक्षा अर्धा तास मोठा भाग होता, म्हणजे संगीतप्रेमी प्रेक्षक तिकडेही ओढला जाणार होता. तरीही ‘द व्हॉइस’ला सुमारे 1 कोटी 18 लाख प्रेक्षक मिळाले आणि जाहिरातदार ज्या 18 ते 49 वयोगटावर दर ठरवतात त्यात 5.1 रेटिंग, म्हणजे त्या वयोगटातले 5.1 टक्के लोक. दुसऱ्या आठवड्यात आकडा घसरण्याऐवजी वाढला, आणि ही पहिल्या आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट होती, कारण जाहिरातबाजीने पहिला भाग पाहायला लावता येतो, दुसरा नाही. तारखेची निवडही इथे फळाला आली. मे महिन्याचा स्वीप्सचा काळ, ज्याच्या मोजणीवर स्थानिक केंद्रे आपले जाहिरातदर ठरवतात, लगेच सुरू होत होता. मे महिन्याच्या मध्यावर सगळ्या वाहिन्या जाहिरातदारांपुढे पुढच्या वर्षाचे वेळापत्रक मांडतात. त्या मांडणीत, बऱ्याच काळानंतर, एनबीसीकडे दाखवायला ताजा यशस्वी कार्यक्रम होता. पुढच्या सुपर बोलनंतरची जागा वाहिनीने त्याच्यासाठीच राखून ठेवली.

थेट फेऱ्यांच्या नियमांतही कोचचा हात कायम ठेवला होता. उपांत्यपूर्व टप्प्यात प्रत्येक संघातला एक गायक जनता वाचवे आणि एक कोच; उपांत्य फेरीत कोचने आपल्या उरलेल्या दोघांत शंभर गुण वाटायचे आणि ते जनतेच्या मतांत मिळवायचे. शंभर गुणांची वाटणी करताना कोचची होणारी कुचंबणा हाच त्या भागांचा रस होता. फोन आणि इंटरनेटच्या मतांसोबत आयट्यून्सवरून गाणे विकत घेणेही मत म्हणून धरले गेले, ज्यातून वाहिनीला मत आणि रेकॉर्ड कंपनीला विक्री असा दुहेरी लाभ झाला. ॲलिसन हेस्लिप यांना खास समाजमाध्यमांची वार्ताहर म्हणून मंचामागे बसवले होते. 2011 मध्ये हे नवे होते.

29 जून 2011 रोजी लेव्हिन यांच्या संघातले कोलोन विजयी झाले. एक लाख डॉलर आणि युनिव्हर्सल रिपब्लिकचा रेकॉर्डिंग करार असे बक्षीस होते. त्यांचा अल्बम त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, फारसा खपला नाही आणि 2012 मध्ये ते त्या कंपनीतून बाहेर पडले. याच काळात कोचचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लेव्हिन आणि ॲग्विलेरा यांनी मिळून केलेले मरून 5 चे नवे गाणे जूनमध्ये याच मंचावर पहिल्यांदा गायले गेले आणि सप्टेंबरपर्यंत बिलबोर्डच्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल आले. शेल्टन कंट्रीच्या परिघाबाहेर देशभर ओळखले जाऊ लागले. स्पर्धेचा विजेता एक होता, पण लाभ कोचच्या खुर्चीत जमा झाला. आणि हे अपघाताने झाले नाही. प्रेक्षकाचे नाते दर पर्वाला बदलणाऱ्या गायकांशी जुळण्याआधीच त्याच चौघांशी जुळत होते. मॉर्गन वॉलेन हे 2014 च्या पर्वात लवकर बाद झालेले गायक पुढे कंट्रीतले प्रचंड मोठे नाव बनले, पण ते या कार्यक्रमामुळे असे म्हणणे कठीण आहे.

5 फेब्रुवारी 2012 रोजी सुपर बोलनंतर दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग सुमारे 3 कोटी 76 लाख लोकांनी पाहिला. दरम्यान ‘द एक्स फॅक्टर’ सप्टेंबर 2011 मध्ये सुरू झाला होता. दोन कोटींखाली काहीही निराशाजनक ठरेल, असे सांगून बसलेल्या कॉवेल यांना पहिल्या रात्री सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षक मिळाले. बक्षीस होते 50 लाख डॉलरच्या कराराचे. तिथेही नामवंत मार्गदर्शक होते, संघ होते. पण तेच मार्गदर्शक आधी परीक्षक म्हणून नाकारत, मग गुरू म्हणून शिकवत, आणि स्पर्धकाला त्यांच्यातून निवड करण्याचा अधिकार नव्हता. तीन पर्वांनंतर तो कार्यक्रम बंद झाला. बक्षिसाची रक्कम वाढवून प्रेक्षक वाढत नाही, हे फॉक्सला महागात पडून कळले.

एनबीसीने मात्र हाती लागलेले यश ताणले. सप्टेंबर 2012 पासून वर्षाला दोन पर्वे सुरू झाली, आणि थोड्या दिवसांत भागवण्याचे कोचचे मूळ गणित तिथेच मोडले. वर्षातला मोठा काळ खुर्चीत गेला तर अल्बम कधी करायचा आणि दौरे कधी? मार्च 2013 मध्ये ॲग्विलेरा आणि सीलो यांच्या जागी शकिरा आणि अशर आले आणि तेव्हापासून खुर्च्या आलटूनपालटून भरण्याची पद्धत पडली. वाहिनीला त्याचा तोटा झाला नाही. 2013 मध्ये कार्यक्रमाला सर्वोत्कृष्ट रिअ‍ॅलिटी स्पर्धेचा एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला.

कोच आणि स्पर्धक यांच्यातले नाते टीव्हीवर जितके बरोबरीचे दिसते तितके ते कॅमेऱ्याबाहेर नसते, याची जाणीव मूळ देशात फार उशिरा झाली. जानेवारी 2022 मध्ये ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’शी संबंधित व्यक्तींवर, त्यांत कोचही होते, लैंगिक गैरवर्तनाचे आरोप पुढे आले आणि आरटीएलने चालू पर्वाचे प्रक्षेपण थांबवले. खुर्ची वळल्यावर गायकाच्या हाती येणारा अधिकार एका मिनिटाचा असतो; त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचे भवितव्य कोच आणि निर्माते यांच्या मर्जीवर असते. तक्रार कोणाकडे करायची आणि ती ऐकणारा कोचच्या प्रभावाबाहेर आहे का, हा प्रश्न असा कार्यक्रम आणणाऱ्या प्रत्येकाने चित्रीकरणाआधी सोडवायला हवा.

भारतात हा फॉरमॅट 6 जून 2015 रोजी अँड टीव्ही या तेव्हा तीनच महिने जुन्या वाहिनीवर आला. कोच होते शान, सुनिधी चौहान, मिका सिंग आणि हिमेश रेशमिया. खुर्च्या त्याच, बटणे तीच. पण अमेरिकी प्रेक्षकाला जे नवे होते ते इथे अर्धेअधिक जुने होते. झीच्या 2005 मधल्या ‘सा रे ग म प चॅलेंज’मध्ये हिमेश रेशमिया, आदेश श्रीवास्तव, इस्माईल दरबार आणि जतिन-ललित यांनी स्पर्धकांची ‘घराणी’ करून एकमेकांशी कडाक्याची भांडणे आधीच केली होती. मराठीतही 2017 मध्ये ‘सूर नवा ध्यास नवा’ने महेश काळे, अवधूत गुप्ते आणि शाल्मली खोलगडे यांना संघांचे कॅप्टन केले, आणि त्यासाठी खुर्ची वळवण्याची गरज पडली नाही. गुरूने शिष्यासाठी भांडावे हे आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे आंधळी ऑडिशन उरली ती केवळ पाहायला छान अशी एक युक्ती म्हणून. शान यांच्या संघातून ‘द व्हॉइस इंडिया’चे पहिले पर्व जिंकणारे उत्तराखंडचे पवनदीप राजन देशभर घरोघरी पोहोचले ते सहा वर्षांनी, ऑगस्ट 2021 मध्ये ‘इंडियन आयडॉल’चे बारावे पर्व जिंकून, आणि तिथल्या परीक्षकांत 2015 चे एक कोच, हिमेश रेशमिया, बसलेले होते.